शंकुसाखळीची चूक आणि शेताचा सारा

आपल्या नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, कोणाहि शेतकऱ्यास त्याचें शेत केवढें म्हणून विचारा. तो एकर व गुंठे सांगेल. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस. असे ४० गुंठे मिळून १ एकर होतो. हें ३३ फुटांचें माप मोजणीदाराच्या शंकुसाखळीचें. तिचे १६ आणे पाडलेले असत. शिवकालीं ५ हात ५ मुठींची काठी होती व २० काठ्या औरसचौरस म्हणजे १ बिघा होई. माप बदललें, रीत तीच राहिली: लांबीस रुंदीनें गुणावयाचें. सारी गोम या गुणाकारांतच आहे.

समजा, साखळी ४ इंचांनीं, म्हणजे शेंकडा १, आंखूड आहे. तिनें २० साखळ्या लांब व २० रुंद भरलेलें शेत कागदावर ४०० गुंठे होईल. खरें क्षेत्र मात्र सुमारें ३९२ गुंठेच. शेंकडा १ ची चूक क्षेत्रांत शेंकडा २ झाली. कारण एकच साखळी लांबींतहि खोटें बोलली आणि रुंदींतहि. सारा ३० वर्षांकरितां ठरत असे. नसलेल्या ८ गुंठ्यांचा सारा रयतेनें एवढीं वर्षें भरावयाचा!

परंतु दोन बाजूंच्या चुका परस्परांशीं संबंध नसलेल्या असतील, एकीकडे खांचखळगा व दुसरीकडे वाचनांतील चूक, तर एक अधिक व दुसरी उणी पडून कांहीं अंशीं फिटाफीट होण्याचा संभव असतो. अशा वेळीं शेंकडेवारीचे वर्ग करून बेरीज घ्यावी व तिचें वर्गमूळ काढावें. मग १ व १ मिळून २ न होतां सुमारें १.४ होतात.

आतां साऱ्याकडे वळूं. तोहि गुणाकारच: क्षेत्र गुणिलें दर. १८३० च्या सुमारास प्रिंगल यांनीं दख्खनेंत जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर आकारणी बसविली. मोजणी व उत्पन्नाचे अंदाज दोन्ही सदोष ठरून ती सोडावी लागली. पुढें १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरास नवी पद्धत सुरूं केली. १८४७ च्या संयुक्त अहवालानें ती पक्की झाली व आपल्या जिल्ह्यांतहि आली. तींत जमिनीच्या नऊ प्रती होत्या. १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत.

येथें पाहा. १० आण्यांची जमीन चुकून १२ आण्यांची धरली, तर सारा शेंकडा २० नीं वाढला. क्षेत्रांतील शंका शेंकडा २ व प्रतींतील शेंकडा २० असेल, तर वर्ग ४ व ४००, बेरीज ४०४, वर्गमूळ सुमारें २०.१. म्हणजे साखळी कितीहि काटेकोर केली तरी रयतेचें ओझें फारसें हलकें होत नाहीं. खरी परीक्षा मातीच्या पारखींत होती.

तात्पर्य, गुणाकार करण्यापूर्वीं कोणता गुणक सर्वांत दुबळा आहे तें शोधावें व तेथेंच श्रम खर्चावे. आणि उत्तर सांगतांना त्यांतील शंकाहि सांगावी. कारण कागदावरील निःशंक आंकड्याचें मोल अखेर कोणाला तरी पदरचें द्यावें लागतें.