सरांच्या सायकलीवरचं नाव

आपल्या चित्रकलेच्या सरांची काळी रॅले सगळ्यांना आठवत असेल. ती ‘विलायती’ आहे, असं आपण पैजेवर सांगायचो. सरांच्या घरच्यांनी यंदा ती शाळेला दिली आणि मेळाव्यासाठी नीट करायचं काम आमच्या तुकडीकडे आलं. त्या निमित्ताने तिचा इतिहास वाचला.

रॅले हे नाव मूळचं एका रस्त्याचं. नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीटवरचा छोटा कारखाना १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक बोडेन यांनी घेतला आणि वाढवला. स्वातंत्र्यानंतर सायकली इथेच बनाव्यात असं धोरण आलं. मद्रासला टी. आय. सायकल्स, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हीरो उभी राहिली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. पुढे तो डबघाईला आला आणि १९८० मध्ये सरकारने त्याचं राष्ट्रीयीकरण केलं.

सरांच्या सायकलीचा रंग खरवडण्याआधी आम्ही सीटच्या नळीवर बॅटरीचा तिरपा उजेड टाकला. पुसट अक्षरांत ‘आसनसोल’ उमटलं.

इंग्लिश रॅलेची अक्षरं परदेशातून तयार मिळतात. ती लावली असती तर सायकल झकास दिसली असती, पण खोटी झाली असती. म्हणून अक्षरं आम्हीच बनवली. आधी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढले, मग ट्रेसिंग पेपरवर छाप घेतला. नळीचा व्यास २८.६ मिमी, म्हणजे घेर साधारण ९० मिमी. तेवढ्यात मजकूर बसवायचा होता. संगणकातला तयार टाइप जुळेना, तेव्हा एकेक अक्षर वळणासकट काढलं. साध्या कागदावर खऱ्या मापात छापून नळीला गुंडाळून पाहिलं.

खरी अडचण छपाईची. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक थरावर छापलेला रंग काळ्या नळीवर दिसेनासा होतो. शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी मार्ग काढला. डिंकाचा थर असलेल्या कागदावर आधी लॅकर, मग पांढरा, त्यावर सोनेरी आणि शेवटी पुन्हा लॅकर. लहानपणी पाण्यात भिजवून वहीवर चित्रं उतरवायचो, तीच ही युक्ती. पाण्यात डिंक सुटतो, छाप नळीवर सरकवायचा, खालचं पाणी आणि हवेचे फुगे मऊ फडक्याने काढायचे. पुरता वाळला की वर पारदर्शक लॅकर.

चेनकव्हरवरचा पोचा मात्र तसाच ठेवला आहे. तो सरांचा आहे.

रॅले हे नाव नॉटिंगहॅमहून आलं, पण ही सायकल आसनसोलच्या कामगारांनी घडवली. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्या गावाचं नाव तरी पुसलं जाऊ नये. मेळाव्याला याल तेव्हा सीटखाली वाकून जरूर वाचा.