डब्लिनचा ईस्टर आणि आमचा सप्टेंबर

थडग्यावरील शिळा दूर झाल्याचा आनंद आपण ज्या सणाला साजरा करतो, त्याच सणाच्या सोमवारी, २४ एप्रिल १९१६ रोजी, डब्लिनच्या टपाल कचेरीसमोर आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा झाली. आठवडा संपण्याच्या आत उठाव मोडला. मे महिन्यात पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्टमध्ये रॉजर केसमेंट लंडनला फासावर गेला. जखमी जेम्स कॉनोलीला उभेही राहवत नव्हते. कॅपुचिन संघाच्या फादर अलॉयशियस यांच्या हातून त्याने अखेरचे संस्कार घेतले आणि खुर्चीवर बसलेल्या अवस्थेत तो मारला गेला.

विल्यम बटलर येट्स यांची ‘ईस्टर, १९१६’ ही कविता याच घटनेवर आहे. ती पोवाडा समजून वाचू जाल तर निराशा होईल. कवी जन्माने प्रॉटेस्टंट; बंडखोर बहुतांशी कॅथलिक. कवी त्यांना रस्त्यात ओळखीपुरते नमस्कार करी, माघारी त्यांची टवाळीही करी. त्यांपैकी जॉन मॅकब्राइड तर त्याच्या मनातला काटा होता, कारण कवीने जिला वारंवार मागणी घातली त्या मॉड गॉनचा तो पती. तरीही कवितेत मॅकब्राइडचे नाव येते. दोष लपविलेला नाही आणि नावही गाळलेले नाही. आम्हांस कवितेचे मोठेपण येथे दिसते.

मधल्या कडव्यात वाहत्या ओढ्यातला एक दगड आहे. भोवती घोडा, ढग, पाणकोंबड्या, सारे क्षणोक्षणी बदलते. दगड तेवढा तसाच. एकाच ध्येयाला वाहिलेली अंतःकरणे अशी होतात, असे कवी सुचवितो. ही निंदा की स्तुती? आमच्या मते दोन्ही नव्हे. ही भीती आहे. पुढे तो विचारतो की हे मरण व्यर्थ तर नव्हते? स्वराज्याचा कायदा १९१४ सालीच मंजूर होऊन युद्धामुळे स्थगित होता. इंग्रज कदाचित शब्द पाळतीलही! उत्तर न देता कवी हुतात्म्यांची नावे उच्चारतो.

ही कविता मराठवाड्यात वाचताना आम्हांस अवघड जाते. डब्लिनचा पॅट्रिक पिअर्स शाळाचालक होता. आमचे स्वामी रामानंद तीर्थही हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. नांदेड जिल्ह्यातील बिलोलीचे गोविंदराव पानसरे २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूरजवळ मारले गेले. त्यांचे नाव दरवर्षी १७ सप्टेंबरला घेतले जाते, घेतलेच पाहिजे. पण रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हाही लातूरचाच वकील. आपल्याच बाजारपेठेतला, अशिलांच्या ओळखीचा माणूस असा दगड कसा झाला, हा प्रश्न व्याख्यानांत येत नाही.

आणि त्यानंतरचे तर मुळीच येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई पाच दिवसांत आटोपली. त्यानंतर ठिकठिकाणी मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या मंडळाने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता, आणि लातूर तेव्हा ज्यात मोडत असे तो उस्मानाबादही. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार मंडळाने नाकारले नाहीत. पानसऱ्यांचे बलिदान त्याने उणे होत नाही. परंतु हुतात्म्यांची नावे घेताना त्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्याला येत नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते.

येट्सने आपली कविता सप्टेंबर १९१६ मध्ये पुरी केली, मोजक्या मित्रांपुरती छापली आणि जाहीर प्रसिद्धीसाठी १९२० पर्यंत थांबला. सुंदरलाल मंडळाचा अहवाल अभ्यासकांना दिल्लीत खुला झाला तो २०१३ च्या सुमारास. स्वतःचा जीव धोक्यात घालून, प्रसंगी गमावूनही, मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे.