आईबापांची सनद

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला म्हणजे देशांतील प्रत्येक मूल शाळेंत जाऊं लागतें, अशी सामान्य समजूत आहे. अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे १९१८ पर्यंत झाले होते. तथापि त्यानंतर अर्धें शतक लोटलें, तरी त्या संपन्न देशांतील लाखों मुलें शाळेच्या उंबरठ्याबाहेरच होतीं. तीं उनाड होतीं म्हणून नव्हे, किंवा त्यांचे आईबाप बेफिकीर होते म्हणूनही नव्हे. कोणाला दृष्टि नव्हती, कोणाला ऐकूं येत नव्हतें, कोणाचे हातपाय ताब्यांत नव्हते, तर कोणाची बुद्धि इतरांहून सावकाश उमलत होती. आणि अशा मुलांना वगळण्याची सोय अनेक ठिकाणीं कायद्यांतच करून ठेवलेली होती.

पेनसिल्व्हेनिया राज्याचें उदाहरण घेण्याजोगें आहे. मुलाचें मानसिक वय पांच वर्षांचें झालेलें नसेल, तर त्याला शाळेंत न घेण्याची मुभा तेथील शिक्षणकायद्यानें अधिकाऱ्यांना दिली होती. एखाद्या मुलाला शाळेचा कांहीं उपयोग होणार नाहीं, असा दाखला मानसशास्त्रज्ञानें दिला कीं त्याला हजेरीच्या सक्तींतून सूट मिळे. सूट हा शब्द मोठा दयाळू. परंतु व्यवहारांत त्याचा अर्थ हकालपट्टी असाच होई. ज्याला शिकविण्याची गरज अधिक, त्यालाच शिक्षक नाहीं, असा हा उलटा न्याय होता.

अशा मुलाच्या आईबापांपुढें बहुधा दोनच मार्ग उरत. त्याला घरांत ठेवून जन्मभर एकट्यानें सांभाळावयाचें, नाहीं तर सरकारी संस्थेच्या स्वाधीन करावयाचें. पेनसिल्व्हेनियांतील पेनहर्स्ट ही अशीच एक संस्था. ती १९०८ सालीं उघडली. १९६८ सालीं बिल बाल्डिनी या वार्ताहरानें फिलाडेल्फियाच्या दूरचित्रवाणीवर तेथील आंतली स्थिति दाखविली. खच्चून भरलेले कक्ष आणि दिवसभर कांहींही न करतां पडून असलेलीं माणसें पाहून लोक हादरून गेले. आपलें मूल तेथें सुखांत आहे, असें मनाला समजावीत आलेल्या आईबापांना तें पाहून काय वाटलें असेल, हें निराळें सांगावयास नको.

परिस्थिति पालटली ती या आईबापांच्याच खटपटीनें. दुसऱ्या महायुद्धानंतर ठिकठिकाणच्या पालकांनीं एकत्र येऊन स्वतःच वर्ग काढले; कोठें चर्चच्या तळघरांत, कोठें मागून घेतलेल्या खोलींत. १९४९ सालीं पेनसिल्व्हेनियांत आणि १९५० सालीं साऱ्या देशासाठीं त्यांच्या संघटना स्थापन झाल्या. वीस वर्षें त्यांनीं सरकारचीं दारें ठोठावलीं. अखेरीस १९७१ च्या जानेवारींत पेनसिल्व्हेनियाच्या पालकसंघानें राज्यसरकारलाच न्यायालयांत खेंचलें. टॉमस गिलहूल हे त्यांचे वकील. त्यांच्या स्वतःच्या भावाला बौद्धिक अपंगत्व होतें. काळ्या मुलांना निराळ्या शाळांत ठेवणें घटनेच्या विरुद्ध आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला होता. राज्य जर शिक्षण देत असेल, तर तें सर्वांना सारख्याच अटींवर दिलें पाहिजे, हें त्यांतील तत्त्व पालकांनीं आपल्या मुलांसाठीं पुढें केलें. न शिकणारें मूल असें कोणतेंच नसतें; एक मूल अंकगणित शिकेल, तर दुसरें स्वतःच्या हातानें जेवणें शिकेल, आणि तेंही शिक्षणच होय, अशी साक्ष तज्ज्ञांनीं दिली. सरकारपाशीं तिला उत्तर नव्हतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तडजोड होऊन, सहा ते एकवीस वर्षांच्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षण देण्याचें राज्यानें कबूल केलें. शिवाय आईबापांना कळविल्यावांचून व त्यांचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून मुलाचा वर्ग बदलूं नये, असेंही ठरलें.

पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टन शहरांत असाच खटला झाला. आमच्यापाशीं पैसा नाहीं, असा बचाव शिक्षणमंडळानें केला. न्यायमूर्ति जोसेफ वॉडी यांनीं तो मानला नाहीं. पैसा अपुरा असेल तर त्याची झीज सर्वांनीं सोसावी, ती एकट्या अपंग मुलाच्या माथीं मारतां येणार नाहीं, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. या दोन निकालांनंतर देशभर खटल्यांची रीघ लागली आणि प्रश्न अमेरिकन विधिमंडळापुढें गेला. देशांत ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुलें असून त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाहीं, व दहा लाख मुलें तर सार्वजनिक शाळांतून पूर्णपणें वगळलेलीं आहेत, असें विधिमंडळानें कायद्यांतच नमूद केलें. २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं अध्यक्ष फोर्ड यांनीं त्या कायद्यावर सही केली. मात्र सरकारला पाळतां येईल त्याहून अधिक वचन यांत दिलें आहे, अशी कुरकुरही त्यांनीं त्याच वेळीं नोंदविली.

या कायद्यांतील खरी नवलाई आईबापांच्या स्थानाविषयीं होती. प्रत्येक अपंग मुलासाठीं स्वतंत्र शिक्षणयोजना लेखी तयार व्हावी, ती दरवर्षीं तपासली जावी, आणि ती ठरवितांना आईबाप शिक्षकांच्या बरोबरीनें बसावेत, असें त्यानें सांगितलें. मुलाचे कागद पाहण्याचा, शाळेची तपासणी पटली नाहीं तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून ती करविण्याचा, आणि निर्णय मान्य नसेल तर त्रयस्थापुढें दाद मागण्याचा हक्क आईबापांना मिळाला. कालपर्यंत जे अर्जदार होते, ते आज हक्कदार झाले.

परंतु सनद हातीं येणें निराळें आणि ती वाचतां येणें निराळें. बैठकीच्या मेजाच्या एका बाजूस मानसशास्त्रज्ञ, मुख्याध्यापक, शिक्षक आणि अधिकारी; दुसऱ्या बाजूस कामावर रजा टाकून आलेली एकटी आई. समोर आंकड्यांनीं भरलेला अहवाल आणि सहीसाठीं पुढें केलेला कागद. सही केली तर काय होईल, न केली तर काय होईल, हें तिला कोण सांगणार? या प्रश्नाचें उत्तरही पालकांनींच शोधलें होतें. ज्या आईनें ही वाट एकदां तुडविली, तिनें दुसरीला ती दाखवावी, अशा रीतीनें कांहीं शहरांत पालकांचीं केंद्रें चालूं लागलीं होतीं. १९८३ च्या दुरुस्तीनें अशा केंद्रांना सरकारी पैसा देण्याची तरतूद कायद्यांत आली, आणि आतां प्रत्येक राज्यांत निदान एक तरी केंद्र आहे. त्याच्या कार्यकारी मंडळावर बहुमत अपंग मुलांच्या आईबापांचेंच असावें लागतें. काम दिसावयास साधें: अहवालाचा अर्थ समजावून सांगणें, बैठकींत कोणते प्रश्न विचारावे तें टिपून देणें, प्रत्येक पत्राची नक्कल तारीखवार जपून ठेवावयास शिकविणें. या कामाचें मोल आईबापांकडून घेतलें जात नाहीं. १९८६ सालीं कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. तीन वर्षांखालील बालकांसाठीं जी योजना आंखावयाची, ती एकट्या बालकाची नव्हे, तर सबंध कुटुंबाची असावी, असें ठरलें.

फोर्ड यांची कुरकुर मात्र अगदींच अनाठायीं ठरली नाहीं. अधिक खर्चाचा चाळीस टक्के भार मध्यवर्ती सरकार उचलील, ही अपेक्षा १९७५ च्या कायद्यानें निर्माण केली. ती अद्याप एकाही वर्षीं पुरी झालेली नाहीं. पैसा तोकडा पडला, कीं जो पालक अधिक जाणता व अधिक चिकाटीचा, त्याच्याच मुलाला हक्काचें माप पुरें मिळतें. गरीब, अल्पशिक्षित किंवा परभाषी घरांतील मूल मागें राहतें. म्हणूनच पालकांचीं केंद्रें ही कायद्याची शोभा नसून त्याचा आधार आहेत.

आपल्याकडेही आरंभ आईबापांपासूनच झाल्याचें दिसतें. पेनसिल्व्हेनियांतील खटल्याच्या सुमारास, १९७२ सालीं, मिठू अलूर यांनीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. पुढें २०१६ च्या कायद्यानें, ठराविक प्रमाणाचें दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेंत अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क बजावण्यासाठीं दाखला कोठें मिळतो, शाळेनें नकार दिला तर तो लेखी मागावा कीं नाहीं, तक्रार कोणाकडे न्यावी, हे प्रश्न मुंबईच्या चाळींतल्या आईलाही फिलाडेल्फियाच्या आईइतकेच पडतात. ज्या घरानें या प्रश्नांचीं उत्तरें मिळविलीं असतील, त्यानें तीं शेजारच्या घरीं पोंचविलीं, तर या इतिहासाचें पुढचें पान येथेंही लिहिलें जाईल.