दारची जास्वंद वामनवृक्षाच्या रूपात

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांच्या आवाठात तांबड्या जास्वंदीचे झुडूप नाही, असे क्वचितच घडते. गोमंतकात दसणी या नावानेही ओळखले जाणारे हे झाड कोणी फार विचार करून लावलेले नसते. पावसाळ्यात कुंपणाला एखादी फांदी खोचली, ती रुजली आणि पुढे कित्येक वर्षे देवपूजेला फुले पुरवीत राहिली, एवढाच तिचा इतिहास. आता जुनी मातीची घरे पाडून नवी बांधली जात आहेत, राष्ट्रीय महामार्ग 66 च्या रुंदीकरणाने पेडण्यातील रस्त्यालगतची कुंपणे मागे सरकली आहेत. यंत्राचा पहिला घाव बहुधा कुंपणावरच पडतो आणि मनगटाएवढ्या जाडीचे जास्वंदीचे खोड चिऱ्यांच्या ढिगाऱ्यासोबत फेकले जाते.

वामनवृक्षाच्या, म्हणजेच बोन्सायच्या, कलेत अशाच खोडाला सर्वाधिक मोल आहे. कुंडीत लावलेल्या कलमाचे खोड जाड होण्यास अनेक वर्षे लागतात. जमिनीत वाढलेल्या जुन्या झुडपाने ती वर्षे आधीच खर्ची घातलेली असतात. म्हणून या छंदाची सुरुवात रोपवाटिकेतून करण्यापेक्षा आपल्याच दारच्या, उपटल्या जाणार असलेल्या झाडापासून करावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

कार्ल लिनिअसने 1753 साली या वनस्पतीला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे चीनचा गुलाब, असे नाव दिले. परंतु ती रानात आपोआप उगवलेली आढळत नाही. माणसाने फांद्या लावून तिला देशोदेशी नेले. आपल्याकडील झाडांना बी धरलेले फारसे दिसत नाही, याचेही कारण या दीर्घ लागवडीतच शोधले जाते. फांदीपासून नवे झाड होण्याची ही वृत्तीच वामनवृक्ष घडवणाऱ्याच्या उपयोगी पडते, कारण जुन्या लाकडावर कापले तरी जास्वंद नवे कोंब फोडते.

झाड काढण्याचा काळ मिरगाचा पाऊस स्थिरावल्यानंतरचा, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा. जपानी पद्धतीच्या पुस्तकांत हे काम हिवाळ्याच्या शेवटी, झाड निद्रेतून जागे होण्यापूर्वी करण्यास सांगितलेले असते. आपल्या जास्वंदीला तशी निद्राच नसते. तिचे वर्ष पावसावर चालते, आणि हवेतील ओलावा मुळे तुटलेल्या झाडाला तगवून धरतो. वैशाखात झाड काढलेच, तर ते जगण्याची आशा फार धरू नये.

प्रथम फांद्या कापून खोड सुमारे वीतभर ते हातभर उंचीचे ठेवावे. कोणती बाजू समोर येणार हे आधी ठरवावे, कारण त्यावर कोणता खुंट राखायचा हे अवलंबून असते. खोडापासून वीतभर अंतरावर गोल चर खणून जाड मुळे धारदार करवतीने कापावीत. बारीक तंतुमुळे मात्र जितकी वाचतील तितकी वाचवावीत. जास्वंदीचे लाकूड मऊ असते आणि गोव्याच्या पावसात मोठा घाव सहज कुजतो. म्हणून घाव तिरका द्यावा, त्यावर पाणी साचू नये. पोफळीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण वापरणाऱ्या बागायतदारांना याचा उपाय शिकवण्याची गरज नाही : एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम घावावर लावले की पुरते. घरगुती कामासाठी शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर इतके केले तरी विपुल होते. मात्र ते लोखंडी भांड्यात कालवू नये.

माती हा या विषयातील सर्वांत मोठा भाग आहे, आणि येथे आपल्या भूमीचा लाभ घेता येतो. बोन्सायचे जपानी जाणकार अकादामा नावाची भाजलेल्यासारखी दाणेदार माती वापरतात; ती आयात केल्यास महाग पडते. जांभ्या दगडाचे चिरे कापताना पडणारे तुकडे बारीक करून चाळले, धूळ काढून टाकली आणि तूरडाळीपासून हरभऱ्याएवढे दाणे घेतले, तर जवळपास तेच काम होते. दाणा सच्छिद्र असल्याने पाणी धरतो आणि दाण्यांमधील पोकळीतून जादा पाणी निघून जाते. शिवाय जांभा आम्ल गुणाचा, आणि जास्वंदीला तेच मानवते. चुनखडीच्या मातीत तिची पाने पिवळी पडतात. असे दाणे दोन भाग, गोड्या पाण्यातील जाड रेती एक भाग आणि दोन वर्षे मुरलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत एक भाग, हे मिश्रण पुरेसे आहे. समुद्राची रेती कितीही धुतली तरी वापरू नये. डिचोली परिसरात खाणींच्या ढिगाऱ्यांवरील माती सहज मिळते. रंगाने ती जांभ्यासारखीच दिसते, पण तिचा कण इतका बारीक असतो की पहिल्या दोन पावसांतच कुंडीतली माती दडपून सिमेंटासारखी होते. खाणीवरून वाहून आलेल्या गाळाने शेतांचे काय झाले, हे मये, पिळगाव, मुळगाव येथील शेतकऱ्यांनी पाहिलेलेच आहे.

पहिले वर्षभर झाड उथळ कुंडीत न लावता खोल, मोठ्या छिद्रांच्या टोपात ठेवावे आणि पागोळ्यांचा मारा बसणार नाही अशा उजेडी जागी ठेवावे. कोंब फुटले म्हणजे मुळे धरली असे समजू नये. खोडात साठलेल्या अन्नावरही कोंब येतात, आणि उत्साहाने झाड उपसून पाहणाऱ्यांनी अशी कित्येक झाडे मारली आहेत. पुढील पावसाळ्यात मुळांचा एक तृतीयांश भाग कापून झाड पसरट कुंडीत न्यावे. डिचोलीची कुंभारकामाची परंपरा जुनी आहे. तळाला तीन-चार मोठी छिद्रे असलेले, चार ते सहा इंच खोलीचे, झिलई न दिलेले भांडे कुंभाराकडून घडवून घेता येते.

आकार देण्यासाठी तारेवर फार विसंबू नये. जास्वंदीची पेन्सिलीएवढी हिरवट-तपकिरी फांदी वळते. त्याहून जुनी फांदी कडकन मोडते. तार गुंडाळायची तर अॅल्युमिनियमची घ्यावी आणि आदल्या दिवशी पाणी थोडे कमी द्यावे, म्हणजे फांदी लवते. श्रावणातील वाढ इतकी जोमदार असते की तीन आठवड्यांत तार सालीत रुतू लागते, म्हणून आठवड्याला एकदा ती पाहिलीच पाहिजे. याहून बरा मार्ग दक्षिण चीनमधील लिंगनान परंपरेचा आहे. तेथे फांदी मोकळी वाढू देतात, हवी तितकी जाड झाली की एक-दोन पेरे ठेवून कापतात, आणि ज्या दिशेला फांदी हवी त्या दिशेचा डोळा राखतात. नवा कोंब त्या दिशेला जातो. पुन्हा वाढ, पुन्हा छाटणी. चार-पाच वर्षांत फांदीला जे नागमोडी वळण येते, ते तारेने आणता येत नाही. आमच्या हवामानाशी ही रीत जपानी रीतीपेक्षा अधिक जुळते, असे माझे मत आहे.

आता मुख्य अडचण. छाटणीने आणि भरपूर उन्हाने जास्वंदीची पाने लहान होतात. फूल मात्र लहान होत नाही. वीतभर झाडावर तळहाताएवढे फूल विजोड दिसते. म्हणून या झाडाची उंची दीड ते दोन फुटांखाली नेऊ नये आणि एकेरी पाच पाकळ्यांची साधी तांबडी जातच निवडावी. दुहेरी, मोठ्या फुलांच्या संकरित जाती येथे शोभत नाहीत. दुसरे असे की कळी नव्या फुटीवर येते. दर पंधरवड्याला शेंडे खुडणाऱ्याला आकार मिळेल, फूल मिळणार नाही. छाटणीनंतर फूल यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. चवथीला झाड फुललेले हवे असेल, तर शेवटची छाटणी मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उरकून नंतर कात्री दूर ठेवावी. मुळे कापण्याच्या वर्षी मात्र चवथीच्या फुलांचा हट्ट सोडावा.

खत थोडे आणि वारंवार द्यावे. शेंगदाण्याची पेंड भिजवून पातळ केलेले पाणी महिन्यातून दोनदा पुरते. हाडांचे चूर्ण फुलांसाठी म्हणून सर्रास घातले जाते. जास्वंदीला स्फुरदाचा अतिरेक सोसत नाही, तिला पालाश अधिक हवे. शेंडे आक्रसून पांढरा कापूस दिसू लागला, तर तो पिठ्या ढेकूण होय. असे शेंडे कापून जाळावेत, उरलेल्यावर साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल फवारावे, आणि त्या किडीला इकडून तिकडे नेणाऱ्या मुंग्यांचा रस्ता अडवावा. पूजेची फुले ज्या झाडाची घ्यायची, त्यावर विषारी औषध मारू नये.

उन्हाळ्यात उथळ कुंडीला दोन वेळा पाणी लागते. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत मे महिन्यात काही विहिरींचे पाणी मचूळ होते. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की ते ओळखावे. अशा वेळी गोडे पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढावी आणि झाड खाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला हलवावे.

किनाऱ्यावरच्या वाचकांना याहून सोपा पर्याय जास्वंदीच्याच कुळातील बेलपाट्याचा आहे. तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या खाडीकाठी वाढणारे हे झाड सकाळी पिवळे फूल उमलवते आणि संध्याकाळपर्यंत ते तांबूस होऊन गळते. तैवानमध्ये त्याचे वामनवृक्ष विशेष नावाजलेले आहेत. त्याची हृदयाकृती मोठी पाने छाटणीने झपाट्याने लहान होतात आणि खारा वारा त्याला बाधत नाही. मात्र खाडीकाठची झाडे खणून काढू नयेत. त्यांची मुळे काठाची माती धरून असतात, आणि पावसाळ्यात लावलेली अंगठ्याएवढी फांदी सहज रुजते.