गॅमा किरण स्फोटाची उत्तरदीप्ती

गॅमा किरणांचा तीव्र स्फोट विरून गेल्यावर त्याच जागी क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी यांत उरणाऱ्या, हळूहळू मंदावत जाणाऱ्या प्रकाशाला उत्तरदीप्ती म्हणतात. स्फोट काही मिलिसेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. उत्तरदीप्ती दृश्य प्रकाशात काही दिवस ते आठवडे आणि रेडिओत कधीकधी वर्षानुवर्षे दिसत राहते. स्फोट किती दूर झाला, कोणत्या दीर्घिकेत झाला, त्यात किती ऊर्जा बाहेर पडली, याविषयीची जवळजवळ सगळी भरवशाची माहिती या मावळत्या प्रकाशाच्या मागे लागलेल्या दुर्बिणींनी मिळवली आहे.

हे स्फोट प्रथम टिपले ते २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी. अण्वस्त्रचाचणी बंदीचा करार कोणी मोडत नाही ना, यावर नजर ठेवण्यासाठी ते सोडलेले होते. रे क्लिबसॅडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हा शोध जाहीर केला. पुढे जवळजवळ पाव शतक एकच प्रश्न अडून बसला : हे घडते कुठे? गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने केंद्रित होत नाहीत. त्यामुळे उपग्रहाने दिलेली जागा आकाशात बहुधा काही अंश पसरलेली असे आणि तेवढ्या पट्ट्यात हजारो तारे असत. कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने १९९१ ते २००० या काळात २,७०४ स्फोट नोंदले. ते आकाशभर सारखे विखुरलेले आहेत हे दिसू लागल्यावर त्यांचा उगम आकाशगंगेबाहेर असावा, हा कयास बळावला. तरी एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांच्यात याच प्रश्नावर जाहीर वाद झाला, तेव्हा निर्णायक पुरावा कोणाच्याच हाती नव्हता.

तो मिळायला सुरुवात झाली २८ फेब्रुवारी १९९७ रोजी. इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने त्या पहाटे मृग नक्षत्राच्या दिशेने एक स्फोट टिपला. तारखेवरून त्याचे नाव पडले जीआरबी (गॅमा-रे बर्स्ट) ९७०२२८. या उपग्रहावर विस्तृत क्षेत्राचा क्ष-किरण कॅमेरा होता आणि त्याने जागा काही कलांइतकी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अचूक हेरली. सुमारे आठ तासांनी उपग्रह वळवून सूक्ष्म उपकरणे तिकडे रोखली, तर तिथे एक अनोळखी क्ष-किरण स्रोत होता. ३ मार्चला पुन्हा पाहिले तेव्हा तो सुमारे वीस पटींनी मंदावला होता.

दृश्य प्रकाशातला शोध तर नुसत्या दोन छायाचित्रांवर उभा आहे. यान व्हान पाराडाइस यांचे ॲमस्टरडॅमचे पथक, त्यात टायटस खालामा आणि पॉल ख्रोट हे तेव्हाचे डॉक्टरेटचे विद्यार्थी, यांनी ला पाल्मा बेटावरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्याच रात्री, स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी, त्या भागाचे चित्र घेऊन ठेवले. त्या चित्रात वेगळे असे काहीच उठून दिसत नव्हते. ८ मार्चला बेटावरूनच दुसरे चित्र घेतले आणि दोन्ही शेजारी ठेवली. पहिल्यात सुमारे २१ व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितके तेज कमी) एक ठिपका होता, दुसऱ्यात तो नव्हता. पुढे हबल दुर्बिणीला तिथे विझत चाललेल्या बिंदूलगत एक अस्पष्ट धूसर डाग दिसला. ती यजमान दीर्घिका होती. पहिले चित्र वेळेवर काढले नसते तर दुसऱ्याला काही अर्थ उरला नसता. पाठपुराव्याच्या कामात वेगाला एवढे मोल आहे ते यामुळेच.

अंतराचा प्रश्न लगेच त्याच वर्षी, ८ मे १९९७ च्या स्फोटात सुटला. मार्क मेट्झगर आणि कॅल्टेकच्या पथकाने हवाईतील केक दुर्बिणीने उत्तरदीप्तीचा वर्णपट घेतला. त्यात वाटेतल्या वायूतील लोह आणि मॅग्नेशियम यांच्या शोषणरेषा होत्या आणि त्यांची ताम्रसृती, म्हणजे विश्वप्रसरणामुळे तांबड्याकडे सरकणे, ०.८३५ भरली. म्हणजे प्रकाश निघाला तो सुमारे ७०० कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याच्याही आधी. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे या पथकातले एक प्रमुख नाव होते. रेडिओतली पहिली उत्तरदीप्तीही याच स्फोटाची. ती डेल फ्रेल यांना अमेरिकेतील व्हीएलए रेडिओ दुर्बिणीत सापडली. ती पहिले काही आठवडे लुकलुकत होती, नंतर स्थिरावली. स्रोत फार लहान असेल तरच आंतरतारकीय वायूमुळे तो असा लुकलुकतो. लुकलुकणे थांबले याचा अर्थ स्रोत फुगून मोठा झाला होता, आणि हिशेब केल्यावर तो फुगण्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास निघाला.

कारण असे मानले जाते. कोसळणाऱ्या ताऱ्यातून किंवा एकमेकांवर आदळणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांतून जवळजवळ प्रकाशवेगाने निघालेला अरुंद झोत भोवतालच्या वायूत घुसतो. तिथे धक्कालहर तयार होते, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात आणि झोत मंदावत जाईल तसे हे प्रारण क्षीण होत क्ष-किरणांकडून रेडिओकडे सरकते. तेज बहुधा काळाच्या सुमारे १.२ या ऋण घातानुसार उतरते. तासाभराने जेवढे तेज असेल, दहा तासांनी ते सुमारे सोळा पटींनी कमी होते, म्हणजे तीन प्रतींनी घटते. दहा तासांपासून शंभर तासांपर्यंत पुन्हा तेवढीच घट. सुरुवातीचा एक तास चुकला तर त्याची भरपाई मोठ्या दुर्बिणीनेही होत नाही. काही स्फोटांत एखाद्या दिवसानंतर हा उतार अचानक तीव्र होतो. ती झोत अरुंद असल्याची खूण समजतात. ऊर्जा सगळीकडे सारखी पसरली असे धरले, तर जीआरबी ९९०१२३ ची ऊर्जा सूर्याच्या सगळ्या वस्तुमानाएवढी किंवा त्याहून जास्त भरत होती. झोत अरुंद मानल्यावर हा आकडा कित्येक पटींनी खाली येतो.

आज सूचना काही सेकंदांत जगभर पोचते. नासाचा स्विफ्ट उपग्रह (प्रक्षेपण २० नोव्हेंबर २००४) स्फोट टिपताच मिनिट-दीड मिनिटात स्वतःहून त्या दिशेला वळतो, क्ष-किरणांत जागा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) पक्की करतो आणि ती जीसीएन या सूचनाजाळ्यावर जाते. जमिनीवरच्या यंत्रचलित दुर्बिणी माणसाची वाट न पाहता वळतात. घेतलेल्या चित्रांची शेजारच्या ज्ञात ताऱ्यांशी तुलना करून प्रत काढतात, जुन्या सर्वेक्षणातले चित्र वजा करून नवा ठिपका शोधतात. काही सापडले नाही तर 'अमुक प्रतीपर्यंत काही दिसत नाही' अशी मर्यादाही त्याच जाळ्यावर कळवली जाते. बाहेरच्या वाचकाला ही नोंद कोरडी वाटेल, पण धुळीआड झाकलेले किंवा अतिदूरचे स्फोट ओळखायला या 'न दिसण्याच्या' नोंदी फार कामाच्या असतात.

वेगाचा सर्वांत नाट्यमय दाखला जीआरबी ०८०३१९बी. भूतप तारकासमूहातला हा स्फोट सुमारे ७५० कोटी प्रकाशवर्षांवरचा असूनही क्षणभर ५.३ प्रतीपर्यंत उजळला, म्हणजे काळ्याभोर आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका. त्याच भागात अर्ध्या तासापूर्वी दुसरा स्फोट झाल्यामुळे काही कॅमेरे आधीच तिकडे रोखलेले होते. मार्च २००३ मधील जीआरबी ०३०३२९ च्या उतरत्या प्रकाशात मात्र दिवसागणिक एक सुपरनोव्हा वर येताना वर्णपटात स्पष्ट दिसला. अधिक काळ टिकणारे दीर्घ स्फोट आणि प्रचंड ताऱ्यांचा मृत्यू यांचे नाते तिथे पक्के झाले. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत उलटे घडले : उत्तरदीप्ती क्ष-किरणांत नवव्या दिवशी आणि रेडिओत सोळाव्या दिवशी प्रथम दिसली आणि पुढे महिनोन्‌महिने वाढत गेली, कारण झोत आपल्याकडे थेट रोखलेला नव्हता.

९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए हा आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट. तो आकाशगंगेच्या पातळीजवळ, शर तारकासमूहात होता. त्यामुळे स्विफ्टला तो दिसला तेव्हा प्रथम आपल्याच दीर्घिकेतला असावा असे वाटले. फर्मी उपग्रहाने तासाभरापूर्वीच तिथे स्फोट टिपला होता, हे जुळवल्यावर उलगडा झाला. प्रकाश निघून सुमारे २०० कोटी वर्षे झाली होती. चीनच्या ल्हासो वेधशाळेने त्यातून ६० हजारांहून अधिक अतिउच्च ऊर्जेचे फोटॉन मोजले.

या कामात भारताचे रेखांश मोलाचे आहेत. पूर्व आशियात दिवस उजाडू लागला तरी भारतात रात्र शिल्लक असते, आणि भारतात रात्र पडते तेव्हा कॅनरी बेटांवर रात्र पडायला अजून अवकाश असतो. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची यंत्रचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण हेच काम करते. नैनितालजवळच्या देवस्थळ येथे ३.६ मीटरची दुर्बीण आहे. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी, एक स्फोट टिपला. या उपकरणाचे विदाकेंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे. रेडिओत उत्तरदीप्ती उशिरा वर येते आणि दीर्घकाळ रेंगाळते. तिथे गती नव्हे, चिकाटी लागते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिने ०३०३२९ चा पाठपुरावा केला, आणि जीआरबी १७१२०५ए या स्फोटाचा रेडिओ प्रकाश कमी वारंवारतांवर सुमारे १,००० दिवस टिपला.