फुकट प्रोसेसरही महाग पडतो तेव्हा : इंटेल आणि एएमडीची किंमतयुद्धं

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. कोणी माल फुकट देत असेल, तर घेणारा मागे का सरेल? २००२ च्या सुमारास नेमकं हेच घडलं. एएमडीने एचपीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. एचपीने त्यांतले घेतले फक्त १ लाख ६० हजार. का? उत्तरासाठी आपल्याला वीसेक वर्षं मागे जावं लागेल.

१९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. पण इतक्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला आयबीएम तयार नव्हती. त्यातूनच १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. म्हणजे बघा, या बाजारात इंटेलसमोर एएमडी उभी राहिली ती ग्राहकाच्या आग्रहामुळे.

१९८५ मध्ये ३८६ आला आणि इंटेलने तो एएमडीला द्यायचं नाकारलं. लवाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. इंटेलचा ३८६ जास्तीत जास्त ३३ मेगाहर्ट्‌झवर चालायचा, एएमडीचा ४० वर. त्याच वर्षी इंटेलने 'इंटेल इनसाइड' ही मोहीम सुरू केली. संगणक बनवणाऱ्याने जाहिरातीत इंटेलचं चिन्ह दाखवलं, की जाहिरातीच्या खर्चाचा काही वाटा इंटेल द्यायची. ज्या ग्राहकाने प्रोसेसर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो आता दुकानात नाव घेऊन मागू लागला.

तरीही एएमडी संपली नाही. १९९९ मध्ये अ‍ॅथलॉन आला. ६ मार्च २००० रोजी तिने एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर जाहीर केला. इंटेलने दोनच दिवसांनी. आता एएमडीला 'स्वस्तातली नक्कल' म्हणायची सोय उरली नव्हती.

इथे येते सवलतीची गोष्ट. एक काल्पनिक हिशेब मांडू. तुम्हाला शंभर प्रोसेसर हवेत. मोठी कंपनी म्हणते, एकाची किंमत शंभर रुपये. पण सगळे आमच्याकडून घेतलेत तर प्रत्येकी दहा रुपये सूट. तुमचं बिल झालं नऊ हजार. आता दुसरी कंपनी पाच प्रोसेसर फुकट देते. ते घेतलेत, तर उरलेल्या पंचाण्णवांवरची सूट गेली. बिल साडेनऊ हजार! फुकटचे पाच तुम्हाला पाचशे रुपयांना पडले.

मग सगळेच दुसरीकडून का घेऊ नयेत? कारण दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यांतून तेवढा माल निघत नाही, आणि गिऱ्हाईकही पहिलीचंच नाव घेऊन येतं. मोठ्या कंपनीला टाळून धंदाच होत नाही. तिच्या सवलतीची खरी ताकद इथे आहे.

युरोपीय आयोगाच्या म्हणण्यानुसार एचपीला मिळणारी सवलत अशीच सशर्त होती : कार्यालयीन डेस्कटॉपसाठीचे ९५ टक्के प्रोसेसर इंटेलकडूनच घ्यायचे. मे २००९ मध्ये आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसांतले दावे मिटवले.

पण प्रकरण इतकं सरळ नाही. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा दंड रद्द केला. तितक्याच कार्यक्षम प्रतिस्पर्ध्याला या सवलतींमुळे बाजाराबाहेर राहावं लागलं असतं, हे आयोगाला नीट सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही तोच निकाल कायम राहिला. एएमडीचे प्रोसेसर असलेले संगणक बाजारात येऊ नयेत किंवा उशिरा यावेत म्हणून उत्पादकांना पैसे दिल्याचा भाग मात्र टिकला. त्यासाठी आयोगाने २०२३ मध्ये ३७ कोटी ६० लाख युरोंचा नवा दंड लावला.

यातून आपण काय घ्यायचं? सवलत म्हणजे स्पर्धा, असं आपण सहज धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सूट मालावर आहे, की दुसऱ्याकडे न जाण्यावर, हे तपासायला हवं. पहिल्या सुटीत ग्राहकाचा फायदा आहे. दुसरीत आज चार पैसे वाचतात. पण दुसरं दुकान बंद पडलं, तर उद्याचा भाव कोण ठरवणार?