काफिर म्हणजे नेमकं कोण?

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा माझा रूममेट मिरजेकडचा मुसलमान मुलगा होता. एका रविवारी रात्री भांडी कोण घासणार यावरून आमची नेहमीची हुज्जत चालली होती. मी गमतीत म्हटलं, "मी पडलो काफिर, माझ्याकडून कसली अपेक्षा करतोस बाबा!" तो हसला. मग तोच सिंकपाशी उभा राहून भांडी घासता घासता म्हणाला, "तुला वाटतं हा शब्द तुमच्यासाठी आहे. माझ्या आजोबांना त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने काफिर म्हटलं होतं. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या मागे नमाजाला उभे राहिले नाहीत."

आजोबा तबलीगवाल्यांबरोबर फिरायला लागले होते, भाऊ बरेलवी वळणाचा. भांडणाचं कारण एवढंच. मला तेव्हा बरेलवी आणि देवबंदी यांतला फरकही माहीत नव्हता. लहानपणापासून 'काफिर' हा शब्द मी सिनेमात, भाषणांत, फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये ऐकला होता आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बोट दाखवतोय असंच धरून चाललो होतो. त्या रात्रीनंतर मी वाचायला लागलो. मी ना अरबीचा जाणकार, ना धर्मशास्त्राचा. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की या शब्दाचा इतिहास हा बराचसा मुसलमानांनी मुसलमानांशी घातलेल्या वादाचा इतिहास आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. क-फ-र या अरबी धातूचा मूळ अर्थ 'झाकणं'. सगळं झाकून टाकते म्हणून जुन्या अरबीत रात्रीला काफिर म्हणत. बी मातीखाली झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही. कुराणात एके ठिकाणी पाऊस पडून पीक तरारल्यावर 'कुफ्फार' खूश होतात असा दृष्टान्त आहे, आणि तिथे बऱ्याच भाष्यकारांनी त्या शब्दाचा अर्थ सरळ 'शेतकरी' असा घेतलाय. पापाची भरपाई करणारी कृती म्हणजे 'कफ्फारा', तोही याच धातूतून आला. कफ्फारा पापावर पांघरूण घालतो.

या झाकण्यातून पुढे आला कृतघ्नपणा. कोणी केलेले उपकार झाकणं, ते नाकबूल करणं. तोशिहिको इझुत्सु या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात कुराणातल्या शब्दांचा बारकाईने अभ्यास केला. कुराणात कुफ्र हा 'ईमान'च्या म्हणजे श्रद्धेच्या विरुद्ध येतो, तसाच 'शुक्र'च्या म्हणजे कृतज्ञतेच्याही विरुद्ध येतो, हे त्याने दाखवलं. फिरऔनच्या घरात वाढलेला मूसा त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा फिरऔन त्याला काफिरांपैकी एक म्हणतो. तिथे अर्थ असा, की आमच्या घरचं खाल्लंस आणि उलटलास. थोडक्यात, मूळ कल्पनेत काफिर म्हणजे केवळ 'न मानणारा' नाही. सत्य समोर आलंय, उपकार दिसतायत, तरी त्यावर माती ओढणारा तो काफिर. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

आता इ.स. ६५७. पैगंबरांना जाऊन पंचवीस वर्षं झालीत. युफ्रेटिस नदीकाठी सिफ्फीन इथे चौथे खलिफा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांच्या फौजा समोरासमोर आहेत. लढाई थांबवून लवादाकडे जायचं ठरतं. अलींच्याच फौजेतला एक गट बिथरतो. निवाडा करायचा अधिकार फक्त अल्लाचा, माणसांना लवाद नेमणं हाच कुफ्र, असं म्हणून ते बाहेर पडतात. त्यांनाच पुढे 'खारिजी' म्हणजे बाहेर पडलेले हे नाव मिळालं. त्यांच्या लेखी पैगंबरांचा चुलतभाऊ आणि जावई असलेले अली काफिर झाले होते. ६५८मध्ये नहरवानला अलींनी त्यांचा पराभव केला. ६६१मध्ये कूफाच्या मशिदीत इब्न मुल्जम नावाच्या खारिजीने अलींवर तलवार चालवली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

परंपरेत एक गोष्ट सांगतात. हे खारिजी काफिर आहेत का, असं लोकांनी अलींना विचारलं. अली म्हणाले, ते कुफ्रापासूनच तर पळालेत. ते आपले भाऊ आहेत, आपल्यावर उलटलेले. ज्यांनी काफिर ठरवलं, त्यांना उलट काफिर म्हणायला अलींनी नकार दिला.

खारिजींचं तर्कशास्त्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते आवडलं होतं, हे कबूल करतो. माझा दिवस कोड लिहिण्यात जातो. एखादी अट खरी असते नाहीतर खोटी, मधलं काही नसतं. मोठं पाप केलं की माणूस धर्माबाहेर, म्हणजे हो किंवा नाही. स्वच्छ नियम. अझारिका या त्यांच्यातल्या सगळ्यात कडव्या गटाने तो शेवटपर्यंत नेला आणि मग आपल्या छावणीत न येणारा जवळपास प्रत्येक मुसलमान त्या नियमात सापडला.

इस्लामी धर्मशास्त्रातले सुरुवातीचे मोठे वाद याच नियमातून उभे राहिले. पाप करणारा मुसलमान कोण? मुर्जिआ म्हणाले, निवाडा पुढे ढकला. श्रद्धा काळजात आणि जिभेवर असते, पापाचा हिशोब अल्ला करेल. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) याच्या जवळ होते, आणि भारतातले बहुसंख्य सुन्नी आजही त्यांचीच न्यायपद्धती पाळतात. बसराच्या वासिल इब्न अताने (मृत्यू ७४८) मधली जागा काढली: पापी माणूस मोमिनही नाही आणि काफिरही नाही. त्यातून मुअतझिला हा पंथ वाढला. आज मुख्यतः ओमानमध्ये असलेल्या इबाझींनी जुन्या अर्थाकडे वळून दोन प्रकारचे कुफ्र मानले. एक अल्लाला भागीदार जोडण्याचा, दुसरा नुसत्या कृतघ्नपणाचा. दुसऱ्या प्रकारच्या 'काफिरा'शी लग्न होतं, वारसाही चालतो.

लग्न आणि वारसा इथे कुठून आले? कारण काफिर ठरणं ही नुसती शिवी नव्हती. तो कायदेशीर दर्जा होता. मुसलमान असलेला माणूस काफिर ठरला की त्याचा निकाह तुटतो, मुसलमान नातेवाइकाचा वारसा मिळत नाही. मेल्यावर जनाज्याची नमाज होत नाही, कारण ती मुसलमानासाठीच असते. जुन्या शास्त्राप्रमाणे त्याचा जीवही धोक्यात येतो. एखाद्याला असं काफिर ठरवण्याला 'तकफीर' म्हणतात.

तकफीरचा सगळ्यात खोल विचार केला अबू हामिद गझालीने (१०५८–११११). तो काही मऊ माणूस नव्हता. १०९५मध्ये त्याने तत्त्वज्ञांविरुद्ध ग्रंथ लिहिला, त्यांची वीस मतं खोडून काढली आणि त्यांपैकी तीन मतं कुफ्र ठरवली: जग अनादि आहे, अल्लाला एकेका वस्तूचं वेगळं ज्ञान नसतं आणि मेल्यावर देह पुन्हा उठत नाही. उरलेली सतरा चुकीची, पण धर्माबाहेरची नाहीत.

पण आपल्या मताशी न जुळणाऱ्या कोणालाही काफिर म्हणणारे लोक पाहून त्याने पुढे 'फैसल अत-तफरिका' ही छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात त्याने व्याख्या आवळली. पैगंबरांनी सांगितलेली गोष्ट खोटी ठरवणं म्हणजे कुफ्र. मग खोटी ठरवणं म्हणजे काय? एखादी गोष्ट पाच पातळ्यांवर 'असू' शकते, असं तो म्हणतो: प्रत्यक्षात, इंद्रियांना भासणारी, कल्पनेत, बुद्धीला कळणारी आणि साम्याने. जो यांपैकी एका पातळीवर तरी ती गोष्ट खरी मानतो, तो अर्थ वेगळा लावतोय. खोटी ठरवत नाही. दुसऱ्या एका ग्रंथात त्याने म्हटलंय, की हजार काफिर चुकून जिवंत राहिले तरी ती चूक एका मुसलमानाचं थोडंसं रक्त चुकून सांडण्यापेक्षा हलकी. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत सारखी धरू नका.

तत्त्वज्ञांच्या बाजूने पुढे इब्न रुश्दने उत्तर दिलं, की अशा सैद्धान्तिक प्रश्नांवर सगळ्यांचं एकमत झालंय हे सिद्धच करता येत नाही, मग त्यावरून कोणाला ठामपणे काफिर कसं म्हणणार? आणि दैवाचा खेळ असा, की खुद्द गझालीचा मुख्य ग्रंथ ११०९च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबात जाळला गेला. जाळणारेही मुसलमानच होते.

चौदाव्या शतकाच्या आसपासची गोष्ट तर मला रात्री झोपू देत नव्हती. इब्न तैमिया (१२६३–१३२८) या दमास्कसच्या पंडिताने मोंगोलांच्या स्वाऱ्या पाहिल्या होत्या. मोंगोल राज्यकर्ते मुसलमान झाले होते, पण जुने मोंगोल कायदेही पाळत. त्यांच्याविरुद्ध लढणं योग्यच, असा इब्न तैमियाचा निर्वाळा होता. मोंगोलांच्या वर्चस्वाखाली असलेल्या मार्दिन शहराबद्दल त्याला विचारलं गेलं, की ही इस्लामची भूमी की युद्धाची? त्याने सांगितलं, दोन्ही नाही, हा मिश्र प्रकार आहे. तिथल्या मुसलमानांशी त्यांच्या योग्यतेप्रमाणे वागावं आणि शरियतच्या बाहेर असलेल्याशी त्याच्या योग्यतेप्रमाणे.

विसाव्या शतकात हा फतवा छापला गेला तेव्हा दुसऱ्या 'वागावं'च्या जागी 'लढावं' आलं. अरबीत 'युआमल' आणि 'युकातल'. लिपीत दोन अक्षरांचा फरक. इजिप्तमध्ये अब्द अस-सलाम फरजने आपल्या पुस्तिकेत इब्न तैमियाच्या फतव्यांचा आधार घेतला, त्यांत हाही होता. फरज धर्मपंडित नव्हता, विजेच्या कामातला माणूस होता. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याच्या गटाने राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या. ही छपाईतली चूक पंडितांनी जुन्या हस्तलिखिताशी ताडून दाखवली आणि २०१०मध्ये मार्दिनमध्येच परिषद भरवून फतव्याचा खरा पाठ मांडला.

पाठ बरोबर असता तर सादात वाचले असते, असं मी म्हणत नाही. फरजकडे इतर आधार होते आणि इब्न तैमियाचे मोंगोलविरोधी शब्द खरोखरच कडक होते. पण ज्या शब्दांवर जीव जातात ते शब्द एकदा मूळ प्रतीशी ताडून पाहावेत, एवढंही फार थोड्यांना सुचलं.

राज्यसंस्थेने हा शब्द हातात घेतला तेव्हा काय झालं, तेही पाहू. १९५३मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांच्या चौकशी मंडळाने मोठमोठ्या उलेमांना एकच प्रश्न विचारला: मुसलमानाची व्याख्या काय? १९५४च्या अहवालात मंडळाने नोंदवलं, की कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची धरली तर बाकीच्यांच्या हिशोबाने आपण सगळे बाहेर. तरी १९७४मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. १९९५मध्ये कैरोच्या न्यायालयाने प्राध्यापक नस्र अबू झैद यांना त्यांच्या लेखनावरून धर्मत्यागी ठरवलं आणि त्यांचं लग्न रद्द केलं. नवराबायकोपैकी कोणीही ते मागितलं नव्हतं. दोघांनी देश सोडला.

मग माझं काय? मी तर उघडच बाहेरचा. हा शब्द माझ्या पूर्वजांवर पडलाच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. फारसी तवारिखांत हिंदूंना सर्रास काफिर म्हटलंय. त्या दर्जाला कराचीही जोड होती: जिझिया अकबराने १५६४मध्ये उठवला आणि औरंगजेबाने १६७९मध्ये पुन्हा बसवला. गझालीचं ते हजार काफिरांचं वाक्य वाचताना मला आधी कौतुक वाटलं आणि मग कळलं, की मी त्या हजारांत आहे.

पण 'फैसल'मध्ये गझाली बाहेरच्यांचेही भाग पाडतो. ज्यांच्या कानावर पैगंबरांचं नावच गेलं नाही ते एक. ज्यांना सगळं नीट कळलं, तरी ज्यांनी धिक्कारलं ते दुसरे. आणि ज्यांनी फक्त विपर्यास केलेलं, वाकडंतिकडं ऐकलं ते तिसरे. पहिल्या आणि तिसऱ्यांना अल्लाची माफी आहे, असं तो म्हणतो. मला मोबाईलवर येणारं बहुतेक सगळं तिसऱ्या प्रकारातलंच असतं.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. लढाईत एका माणसाने ऐन वेळी कलमा उच्चारला, तरी उसामा या तरुण सहकाऱ्याने त्याला मारलं. जीव वाचवायला म्हणाला असेल, अशी त्याची सबब. पैगंबरांनी विचारलं, तू त्याचं काळीज चिरून पाहिलंस का? ज्या शब्दाचा अर्थच 'झाकणारा' असा आहे, तो दुसऱ्यावर टाकणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही.

भारतात १९०६मध्ये बरेलीच्या अहमद रझा खान यांनी मक्का-मदिनेच्या उलेमांच्या सह्या घेऊन देवबंदच्या प्रमुखांविरुद्ध कुफ्राचा फतवा आणला. देवबंदने उत्तर दिलं. त्या वादाचं एक टोक माझ्या मित्राच्या घरापर्यंत पोचलं होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्याला फोन केला. तो आता बंगळुरूला असतो. विचारलं, त्या वीस वर्षांनंतर काय झालं?

"आजोबा गेले," तो म्हणाला. "कब्रस्तानात जनाजा ठेवला होता. आम्ही रांगा लावत होतो. चुलत आजोबा आले, कोणाशी बोलले नाहीत. शेवटच्या रांगेत येऊन उभे राहिले आणि हात बांधले."